"मुद्दाम करतो हो तो!"

पॉमेरेनियन, शित्झू, पग. छोट्या कुत्र्याची जात कुठलीही असो, तक्रार ठरलेली: "बाहेर नेलं तर शू करत नाही, घरात आल्या आल्या करतो. मुद्दाम!" ठाण्याच्या एका घरचीही तीच. पाच महिन्यांचा पॉमेरेनियन, लसीचे डोस पूर्ण, सोसायटीत रोज अर्धा तास फेरी. आणि वर आलं की सोफ्यामागे शू.

"त्याला चूक कळते," ताई म्हणाल्या. "तिथे नेऊन ओरडले की कान पाडून बसतो."

"पण सोफ्यामागेच का जातो?" मी विचारलं.

"लपून करायला."

"कोणापासून?"

ताई जरा थांबल्या. "माझ्यापासूनच की."

गाठ इथे सुटली. पिल्लू शिकलं होतं, पण वेगळंच: ताईंसमोर शू केली की त्या चिडतात. मग पट्ट्याचं दुसरं टोक ताईंच्या हातात असताना ते खाली तरी कसं करणार? कान पाडणं हा पश्चात्ताप नव्हे, ती समोरच्या आवाजाची भीती. झाल्यानंतरचं ओरडणं पिल्लू शूच्या जागेशी जोडतच नाही, माणसाशी जोडतं. हे एकदा घराला पटलं की निम्मं काम झालं, असं मी ठामपणे सांगते.

उरलेली अडचण त्यांच्या यजमानांच्या एका वाक्यात सापडली: "खाली केलीच तर लगेच वर आणतो, ऑफिसची घाई असते." म्हणजे शू केली की फिरणं संपलं! कुठलं पिल्लू घाई करेल?

ओरडणं त्या दिवसापासून बंद. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी खाली न्यायचं. लहान जातीचं मूत्राशयही लहान असतं. रोज एकाच जागी पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, पट्टा सैल. पट्टा छातीचा हवा, या जातींची श्वासनलिका नाजूक असते. शू पूर्ण संपली की दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. मध्येच "शाब्बास" म्हटलं तर ते थांबतं आणि उरलेली घरी होते. वर येऊन दिलेलं बिस्किट हे वर येण्याचं बक्षीस ठरतं. खाऊ झाल्यावर मग खरी फेरी. काहीच केलं नाही तर वर आणून दहा मिनिटं मांडीवर घ्यायचं आणि पुन्हा खाली न्यायचं. मोकळं सोडलं की सोफा गाठलाच.

सोफ्यामागची जागा फिनेलने पुसू नका. आपल्याला वास जातो, कुत्र्याला येतच राहतो. शिवाय ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की फिनेल पोटात. पेट शॉपमधलं एन्झाइमवालं, म्हणजे वासाचं मूळच तोडणारं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ ओलं राहू द्या. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणारी घरंही भेटतात. आपल्या उकाड्यात ते कदापि करू नका.

काही आठवड्यांनी ताईंचा फोन आला: "आज त्याने माझ्याकडे बघत केली आणि खिशाशीच आला!" त्या फोनचा आनंद मला अजून आहे.

मात्र थेंब थेंब होत असेल, कुंथत असेल किंवा लघवीत लालसर झाक असेल, तर शिकवणं बाजूला ठेवून आधी पशुवैद्याकडून लघवी तपासून घ्या.