एडब्ल्यूएसमधील सगळ्या नेटवर्कची यादी एपीआयने काढणारे टूल कसे लिहावे?

आपल्या कंपनीच्या अनेक एडब्ल्यूएस (अॅमेझॉनची क्लाउड सेवा) अकाउंटांमधील व्हीपीसी (खासगी नेटवर्क), सबनेट (त्या नेटवर्कचे तुकडे) आणि राउट टेबल (वाहतूक कोठे पाठवायची याचे तक्ते) यांची एकत्र यादी काढणारे टूल आपल्याला पायथनमध्ये लिहायचे आहे. पहिली स्क्रिप्ट चालते, पण कन्सोलवर (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) दिसणाऱ्या काही गोष्टी तिच्या यादीत येत नाहीत, असे आपण विचारले आहे. हे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. अशा टूलमध्ये वेग आणि देखणेपणा यांच्या आधी एक गोष्ट सांभाळावी, असे माझे ठाम मत आहे: एखादी गोष्ट यादीत नसेल, तर ती खरोखरच अस्तित्वात नाही की टूलला ती पाहता आली नाही, हे यादी वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे.

हे मत अनुभवातून आले आहे. एका कंपनीत नवी व्हीपीसी उभारताना १७२.२०.०.०/१६ ही रेंज (आयपी पत्त्यांचा पट्टा) मोकळी असल्याचे माझ्याच टूलने दाखवले होते. तिच्यावर सबनेट आखले गेले, सर्व्हर उभे राहिले, आणि काही महिन्यांनी सिंगापूर रीजनमधील (एडब्ल्यूएसच्या भौगोलिक विभागातील) एका जुन्या व्हीपीसीशी पीअरिंग, म्हणजे थेट जोडणी, करायची वेळ आली तेव्हा विनंती तत्काळ अयशस्वी झाली. दोन्हींकडे तीच रेंज होती, आणि रेंज एकमेकींवर येत असतील तर पीअरिंग होतच नाही. शोध घेतल्यावर कळले, की त्या रीजनमध्ये माझ्या रोलला (टूलला दिलेल्या परवानग्यांच्या संचाला) परवानगी नव्हती. एपीआयने (प्रोग्रॅमने एडब्ल्यूएसला माहिती विचारण्याच्या सोयीने) तशी एरर स्पष्ट दिली होती, पण मी लिहिलेल्या एक्सेप्टच्या (पायथनमध्ये एरर पकडणाऱ्या) दोन ओळींनी ती गिळून टाकली आणि रिकामी यादी पुढे पाठवली. व्हीपीसीची मूळ रेंज नंतर बदलता येत नाही, त्यामुळे ते सगळे नेटवर्क नव्याने उभारावे लागले. तेव्हापासून माझे टूल प्रत्येक अकाउंट, रीजन आणि कॉल यांच्यासमोर 'पाहिले', 'परवानगी नाही' किंवा 'अर्धवट' यांपैकी एक शेरा लिहिते, आणि एकही शेरा 'पाहिले'खेरीज वेगळा असेल तर यादीच्या माथ्यावर तसे ठळकपणे सांगते. आपणही पहिल्या दिवसापासून हीच सवय ठेवावी.

आपल्या गहाळ नोंदींचे सर्वांत संभाव्य कारण रीजन हे आहे. बोटो३ या पायथन लायब्ररीचा ईसी२ (एडब्ल्यूएसची सर्व्हर आणि नेटवर्कची सेवा) क्लायंट एका वेळी एकाच रीजनशी बोलतो, म्हणून आधी रीजनांची यादी मागवून प्रत्येकासाठी स्वतंत्र क्लायंट करावा लागतो. ही यादी एरवी केवळ त्या अकाउंटमध्ये चालू असलेले रीजन देते. २० मार्च २०१९ नंतर सुरू झालेले रीजन अकाउंटमध्ये मुद्दाम चालू करावे लागतात. त्यामुळे २०१६ मधले मुंबई सर्वत्र दिसते, पण २०२२ मधले हैदराबाद एका अकाउंटमध्ये असते आणि दुसऱ्यात नसते. रीजनांची नावे फाइलमध्ये हाताने लिहून ठेवू नयेत; ती फाइल केव्हा शिळी होते, हे कोणाच्याही लक्षात येत नाही.

दुसरे कारण पानांचे. उत्तर मोठे असेल तर एपीआय त्याचा एक भाग आणि सोबत नेक्स्टटोकन (पुढचा भाग मागण्याची खूण) देतो, आणि हा टोकन संपेपर्यंत विचारत राहावे लागते. पान रिकामे आले म्हणून थांबू नये, कारण रिकाम्या पानासोबतही पुढचा टोकन येऊ शकतो. बोटो३मधील पेजिनेटर हे काम चोख करतो, पण तो प्रत्येक कॉलला नसतो. इलॅस्टिक आयपींची (राखून ठेवलेल्या पब्लिक पत्त्यांची) यादी देणारा कॉल एकाच उत्तरात सगळे देतो आणि त्याच्यासाठी पेजिनेटर मागितला तर एरर येते. लोड बॅलन्सर (येणारी वाहतूक सर्व्हरांमध्ये वाटणारे) तर मुळात ईसी२च्या एपीआयमध्ये नाहीतच. त्यांची सेवा वेगळी आहे आणि तिथे टोकनऐवजी मार्कर असतो.

उत्तर पूर्ण मिळाले तरी ते वाचताना चूक होऊ शकते. व्हीपीसीच्या नोंदीत 'सायडर ब्लॉक' या नावाचे ठळक फील्ड असते आणि बहुतेक जण तेच छापतात. मात्र त्यात केवळ मूळ रेंज असते. नंतर जोडलेल्या रेंज 'सायडर ब्लॉक असोसिएशन सेट' या आतल्या यादीत असतात. कुबरनेटीस या कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीच्या पॉडसाठी पत्ते कमी पडले म्हणून १००.६४.०.०/१० मधला तुकडा जोडणे हा नेहमीचा प्रकार आहे, आणि ठळक फील्डवर विसंबणाऱ्या टूलला तो तुकडा कधीच दिसत नाही. सबनेटमधील मोकळे पत्तेही स्वतः मोजू नयेत. एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधले पहिले चार आणि शेवटचा असे पाच पत्ते स्वतःकडे ठेवते, म्हणून /२४ मध्ये २५६ ऐवजी २५१ पत्तेच हाती येतात. उरलेल्यांचा आकडा एपीआय स्वतःच देतो, तोच घ्यावा.

सर्वांत जास्त वेळ राउट टेबलसाठी राखून ठेवावा. कोणते सबनेट पब्लिक आहे, हा प्रश्न आपल्याला लवकरच विचारला जाईल, आणि सबनेटच्या नोंदीत तसे कोणतेही फील्ड नाही. नव्या मशीनला आपोआप पब्लिक पत्ता मिळावा का, हे सांगणारे एक फील्ड आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. खरे उत्तर मार्गात असते: सबनेटला लागू असलेल्या राउट टेबलमध्ये ०.०.०.०/० चा मार्ग इंटरनेट गेटवेकडे जात असेल, तरच ते पब्लिक. आता समजा १०.०.३.०/२४ या सबनेटचे राउट टेबल आपण सबनेटच्या आयडीने फिल्टर लावून मागितले आणि उत्तर रिकामे आले. याचा अर्थ राउट टेबल नाही असा नव्हे. त्या सबनेटला कोणी स्वतंत्र टेबल जोडलेले नाही, म्हणून त्याला व्हीपीसीचे मुख्य राउट टेबल लागू होते, आणि त्या मुख्य टेबलाच्या जोडणीत 'मेन' एवढीच खूण असते, सबनेटचा आयडी नसतो. एखाद्या टूलने येथे 'राउट नाही, म्हणून प्रायव्हेट' असा निष्कर्ष काढला आणि मुख्य टेबल इंटरनेट गेटवेकडे जात असेल, तर सुरक्षिततेच्या दृष्टीने याहून घातक चूक नाही. माझ्या पद्धतीत व्हीपीसीतील सगळी टेबले एकदाच आणून ठेवली जातात, प्रत्येक सबनेटसाठी आधी स्वतंत्र जोडणी पाहिली जाते आणि ती नसेल तरच मुख्य टेबल घेतले जाते. शिवाय यादीत टेबलासमोर 'थेट' किंवा 'मुख्यमार्फत' असे लिहिले जाते, कारण मुख्य टेबलात उद्या कोणी एक ओळ घातली तर किती सबनेटांचे स्वरूप बदलेल, हे त्यावरून लगेच समजते.

अनेक अकाउंटांसाठी प्रत्येकात फक्त वाचण्याची परवानगी असलेला एक रोल करावा आणि टूलने तो एसटीएस या तात्पुरत्या चाव्या देणाऱ्या सेवेमार्फत घ्यावा. कायमच्या चाव्या फाइलमध्ये ठेवू नयेत. शेअर केलेले सबनेट मालकाच्या अकाउंटमध्ये दिसते आणि ज्याला दिले त्याच्याकडेही दिसते, म्हणून मोजणी आयडीवरून करावी आणि मालकाच्या आयडीचे फील्ड जपावे. ईसी२च्या कॉलची मर्यादा अकाउंट आणि रीजन यांनुसार वेगळी असते. त्यामुळे अनेक रीजन एकाच वेळी वाचायला हरकत नाही, परंतु एकाच रीजनवर पन्नास थ्रेड (समांतर चालणारी कामे) सोडले तर मर्यादा ओलांडल्याची एरर येते, आणि त्याच अकाउंटमधील इतर कामेही अडतात.

मिळालेले मूळ जेसन (एपीआयचे उत्तर) जसेच्या तसे, वेळेसह साठवावे आणि तक्ता त्यातून नंतर तयार करावा. नवे फील्ड हवे झाले तर पुन्हा सगळ्या अकाउंटांना विचारत बसावे लागत नाही. नोंदी आयडीने क्रमवार लावल्या, तर कालच्या आणि आजच्या यादीतला फरकही सहज काढता येतो.

चाचणीसाठी एका रिकाम्या अकाउंटमध्ये एक व्हीपीसी करून तिला दुसरी रेंज जोडा, सहा-सात सबनेट करा आणि त्यांतल्या दोनांना मुद्दाम कोणतेही राउट टेबल जोडू नका. मग पानाचा आकार पाच ठेवा, एका रीजनची परवानगी काढून घ्या आणि टूल चालवा. या सर्व गोष्टी यादीत योग्य जागी दिसल्या, की मगच ती यादी नेटवर्क टीमच्या हाती द्यावी.