वाचकांचे प्रश्न : नोझावा ऑन्सेनचा बेत

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पन्नाशीच्या जवळ आहोत. गुलमर्गला स्कीइंगचे प्राथमिक धडे घेतले आहेत. आता जपानमध्ये ताज्या, भुसभुशीत बर्फातले ‘पावडर स्कीइंग’ करावे आणि मुक्काम गरम पाण्याच्या झऱ्यांच्या नोझावा ऑन्सेन या गावी करावा, असा विचार आहे. केव्हा जावे? तेथील सार्वजनिक स्नानगृहांचा पत्नीला संकोच वाटतो, त्याचे काय करावे?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : गावाची निवड उत्तम आहे; दिवसभर स्कीइंग करून पायी स्नानाला जावे, अशी सोय तेथे आहे. टोकियोहून होकुरिकु शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने इइयामा स्थानक सुमारे दोन तासांत येते आणि तेथून बस थेट गावात जाते.

हिवाळ्यात सैबेरियाकडून निघालेले कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि हे गाव ज्या नागानो प्रांतात आहे, तेथील डोंगरांना अडून ते बर्फाच्या रूपाने टाकतात. आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडल्यावर जे होते, तेच तेथे हिमरूपाने होते. त्यामुळे पावसाची सर जशी तारीख ठरवून मागता येत नाही, तसा ताजा बर्फही मागता येत नाही. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरावा आणि गावे बदलत न फिरता पाच-सहा रात्री एकाच ठिकाणी राहावे. 15 जानेवारीला तेथे दोसोजिन या वाटांच्या रक्षक देवतेचा अग्निउत्सव असतो. तो पाहायचा असल्यास खोली फार आधी राखून ठेवावी, अन्यथा त्यानंतर पोहोचावे.

आता थोडे परखड. प्राथमिक धड्यांच्या बळावर गुडघाभर बर्फात उतरू नये. तेथे पायांतल्या स्कीच्या पट्ट्या बर्फाखाली जातात, वळण घेणे अवघड होते आणि पडल्यावर उठण्यातच निम्मी शक्ती संपते. पहिले दोन दिवस प्रशिक्षकासह दाबून सपाट केलेल्या उतारांवरच घालवावेत. स्की क्षेत्रातील उएनोतायरा या टप्प्याचे रुंद, सौम्य उतार डोंगराच्या वरच्या भागात असल्याने तेथील बर्फ पायथ्यापेक्षा कोरडा असतो. वळणे सहज जमू लागली, की रुंद पट्ट्या भाड्याने घेऊन त्याच उतारांच्या कडेचा ताजा बर्फ अनुभवावा. हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडच्या झाडीत मात्र जाऊ नये. बुंध्याभोवती फांद्यांखाली सैल बर्फाचे खड्डे दडलेले असतात आणि त्यात डोक्याच्या बाजूने पडलेला माणूस गुदमरतो. प्रवास विम्यात स्कीइंगचा स्पष्ट समावेश आहे ना, हे लेखी पाहून घ्यावे.

गावात 13 सार्वजनिक स्नानगृहे असून ती गावकरीच सांभाळतात. शुल्क नसते, दारातील पेटीत यथाशक्ती नाणी टाकावीत. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असते, परंतु कपडे घालून पाण्यात उतरत नाहीत, आधी अंग स्वच्छ धुतात आणि पंचा पाण्यात बुडवत नाहीत. संकोच असल्यास तासाभरासाठी खासगी स्नानकुंड देणारी निवासस्थाने असतात. खोली ठरवतानाच विचारावे. आपल्याला कोकणातील उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडाची सवय असली तरी नोझावाचे पाणी फार कढत वाटेल. रक्तदाबाचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे आणि थोडा वेळच बसावे. ओगामा नावाचे कुंड स्नानासाठी नाही. जवळपास 90 अंशांच्या त्या पाण्यात गावकरी भाजी उकडतात. स्नानाला निघताना पत्नीने चांदीची जोडवी खोलीवरच काढून ठेवावीत, कारण गंधकयुक्त पाण्याने चांदी काळी पडते.