ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज: आधी दिवस मोजा

घाई करू नका, आधी जुने पासपोर्ट घेऊन बसा. जोडीदार ब्रिटिश नसेल, तर पाच वर्षांत देशाबाहेर 450 दिवसांपेक्षा जास्त नकोत, शेवटच्या वर्षात 90. जायचा आणि यायचा दिवस त्यात धरत नाहीत. लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी: अर्ज पोचेल त्या तारखेच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही ब्रिटनमध्येच हवेत. त्या दिवशी गणपतीला गावी असाल, तर अर्ज थोडा पुढे ढकला.

रेफरी (तुमची ओळख पटवून देणारे) दोन, दोघंही तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारे. एक शिक्षक किंवा अकाउंटंटसारखा व्यावसायिक, कुठल्याही देशाचा. दुसऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट हवा. नातेवाईक चालत नाहीत, तुमचा वकीलही नाही. मुलांच्या शाळेतल्या बाईंना आत्ताच विचारून ठेवा.