तात्पर्य विचारायची घाई

प्रश्न : सहावीला मराठी शिकवते. परिपाठात रोज बोधकथा होते. ‘तात्पर्य सांगा’ म्हटलं की सगळे एका सुरात ‘नेहमी खरे बोलावे’ म्हणतात. तेच स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितलं, तर दोन ओळींत आटोपतात. बहुतेकांच्या घरी अहिराणी बोलतात. मूल्यं आणि भाषा एका तासात कशी साधावीत?
— एक शिक्षिका, पारोळा तालुका

उत्तर : मॅडम, तात्पर्य मुलांना आधीच पाठ आहे, मग लिहायला उरतं काय? ‘कारण’, ‘पण’, ‘तरीसुद्धा’ हे शब्द लागतात ते दोन बाजू समोर आल्यावर. म्हणून गोष्ट पेचापाशी थांबवा.

कापसाचीच घ्या. सकाळी व्यापाऱ्याची गाडी येणार. वजन वाढावं म्हणून रात्री काका ढिगावर पाणी मारतात, ते पुतण्या बघतो. काका म्हणतात, ‘तो काटा मारतो, तेव्हा त्याला कोणी विचारतं का?’ पुतण्याने काय करावं?

३५ मिनिटांच्या तासात गोष्टीला ५ मिनिटं पुरतात. पुढची ८ मिनिटं जोडीजोडीने बोलणं, तेही अहिराणीतच. इथे प्रमाण मराठीचा आग्रह धरलात की निम्मा वर्ग गप्प. मग ७ मिनिटं सगळ्यांची चर्चा आणि १२ मिनिटं लेखन, सहा ओळी. फळ्यावर एवढाच सांगाडा द्या : ‘पुतण्याने … करावं, कारण … . काका म्हणतील …, पण … .’ उरलेल्या ३ मिनिटांत दोघांनी वाचून दाखवायचं.

तास फसतो तो बहुधा चर्चेत. पहिल्या ‘बरोबर’ उत्तराला बाईंनी मान डोलावली की बाकीचे तेच उतरवतात. ‘आणखी कोणाला वेगळं वाटतं?’ असं विचारून पाच-सहा सेकंद खरोखर थांबा. ‘तुमच्या घरी असं करतात का?’ हे मात्र कधीच विचारू नका. बापाची अब्रू वर्गात काढायची किंवा खोटं बोलायचं, एवढेच दोन मार्ग मुलाला उरतात, आणि तेही प्रामाणिकपणाच्या तासाला!

एखादा शेतकऱ्याचा मुलगा म्हणेल, ‘ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, भाव उतरतो.’ माहिती अगदी खरी, पण हा तोट्याचा हिशेब झाला. तिथे विचारा, ‘आणि पिवळा पडलाच नसता तर?’ आमच्या मते तासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. गुण द्यायचे ते कारणाला, निर्णयाला नाही. नाहीतर मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितील.

वह्या तपासताना एका आठवड्याला एकच प्रकारची चूक धरा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून वहीत ‘डोया’, ‘शाया’ येणारच. पुढच्या आठवड्यात ‘घरमा’ आणि ‘घरात’. फळ्याचे दोन भाग करा, घरची बोली आणि पुस्तकाची भाषा, आणि शब्द समोरासमोर मांडा. लाल फुली नको. बोलताना तर अजिबात टोकू नका.

लिहिलेलं कोणीतरी वाचणार हे कळलं की मुलं जपून लिहितात. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रोज जमणार नाही. आठवड्याला एक कागद वर्गाच्या भिंतीवर लावलात तरी चालेल.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. सगळे निबंध गाइडमधून उतरवतो, ‘प्रामाणिकपणा’सुद्धा! काय करावं?
— एक पालक, यावल

उत्तर : दादा, रागावण्याआधी विषय बदलून पाहा. ‘प्रामाणिकपणा’वर बाराव्या वर्षी स्वतःचं काय लिहिणार? ‘केळीचा घड तोडणीपासून गाडीत भरेपर्यंत’ हा निबंध कुठल्या गाइडात सापडायचा नाही. आधी त्याला तीन मिनिटं तोंडी सांगू द्या. मध्ये फक्त ‘मग?’ म्हणायचं. त्यानंतर लगेच लिहायला बसवा. पहिल्या पाच वाक्यांत डोळ्यांनी पाहिलेलंच हवं. घड मोजताना गडबड होते का, कोण करतं, हे तो आपणहून लिहील, आणि प्रामाणिकपणाचा निबंध त्यातच येऊन जाईल.