पाळणाघरात सोडताना नजर चुकवून निघू नका

तुमचा मुलगा सव्वा वर्षाचा, पाळणाघरात जायला लागून तिसरा आठवडा सुरू आहे, रोज दारात तो गळ्याला मिठी मारून आकांत करतो आणि 'तो खेळायला लागला की गुपचूप निघून जा' असं तिथे तुम्हाला सुचवलंय. तसं करावं का, आणि हे रडणं किती दिवस चालेल, हे तुमचे दोन प्रश्न. मी बरीच वर्षं पाळणाघरात अगदी लहान मुलांच्या गटात काम करते, त्यामुळे दाराच्या आतून जे दिसतं ते सांगते.

गुपचूप निघू नका. त्याने तुमच्या कानावरचं रडणं वाचतं, त्याचं वाचत नाही. दहा मिनिटांनी तो मान वर करून बघतो तर तुम्ही नसता. दुसऱ्या दिवसापासून तो खेळायला बसतच नाही, बसला तरी एका हाताने तुमचे कपडे घट्ट धरून बसतो. घरीही तुम्ही बाथरूममध्ये गेलात की दार बडवायला लागतो. आपण खेळात रमलो की आई नाहीशी होते, एवढंच तो यातून शिकलेला असतो.

वयाचाही भाग आहे. साधारण आठव्या महिन्यापासून मुलांना आईबाबा नजरेआड गेल्याचं कळायला लागतं, पण ते परत कधी येणार हे कळत नाही. दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ही ओढ सर्वांत तीव्र असते. म्हणजे तुम्ही त्याला लाडावून ठेवलंय म्हणून तो रडतोय, असं कोणी म्हणत असेल तर ते मनाला लावून घेऊ नका. तुमच्यावर त्याचा जीव आहे आणि त्याला तुम्ही हव्या आहात, याचं ते रडणं आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रडणं थांबलं का, यावर लक्ष ठेवू नका. रडू आलं की तो तिथे कोणाकडे जातो, ते बघा. मूल खोलीला, खेळण्यांना किंवा वेळापत्रकाला रुळत नाही, आधी एका माणसाला रुळतं. म्हणून उद्याच विचारा की त्याची ताई नक्की कोण. रोज सकाळी त्याला कडेवर घेणारी, भरवणारी, लंगोट बदलणारी आणि झोपवणारी ताई पहिले काही आठवडे शक्यतो एकच असावी. आज ही, उद्या ती, असं चाललं असेल तर तिसऱ्या आठवड्यातही त्याचा पहिलाच दिवस चालू आहे.

ही ओळख कशी होते, ते जवळून सांगते. एक मुलगी कितीतरी दिवस चपलांच्या कप्प्याशेजारी दाराकडे तोंड करून बसायची. उचलायला गेलं की अंग ताठ करायची. आमच्यातली एक ताई रोज तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसायची आणि काही न बोलता डब्यात ठोकळे टाकायची, काढायची. मग एकदा ठोकळा घरंगळत मुलीच्या पायाशी गेला आणि तिने तो परत ढकलला. त्यानंतर काही दिवसांनी ती अडखळून पडली. तोंड वाकडं झालं, तिने खोलीभर नजर फिरवली आणि रडत रडत थेट त्या ताईकडे गेली. सकाळचं दारातलं रडणं तेव्हाही चालूच होतं, पण ती रुळली होती.

बर्लिनमध्ये तयार झालेल्या आणि जर्मनीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत हेच मोजमाप धरलेलं आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत खोलीतच थांबतात आणि निघून जायचं नावही काढत नाहीत. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातात, फार तर अर्धा तास. ताईला मुलाला शांत करता आलं तर पुढे वेळ वाढवायचा, नाही आलं तर आणखी काही दिवस सोबत बसायचं. तिथेच सव्वा वर्षाच्या ७० मुलांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या आया सुरुवातीला जास्त दिवस सोबत राहिल्या, त्यांचं आईशी असलेलं नातं नंतरही सुरक्षित राहिल्याचं त्यात आढळलं. तुमचे ते दिवस हुकले असले तरी आत्ताही मागे जाता येतं. दोन-तीन दिवस खोलीत कोपऱ्यात बसायची परवानगी मागा. बसा मात्र नुसतं. त्याच्याशी तुम्ही खेळू नका, ती जागा ताईसाठी मोकळी सोडा. तो तुमच्याकडे आला तर जवळ घ्या, परत पिटाळू नका.

निघताना मोजकं बोला आणि रोज तेच बोला. 'आई कामाला चालली, तू झोपून उठलास की येणार.' घड्याळ त्याला कळत नाही, झोप कळते. पापी द्या, स्वतःच्या हाताने ताईच्या कडेवर द्या आणि निघा. निघाल्यावर रडणं ऐकून परत वळू नका, पंधरा मिनिटांनी फोन करून विचारा. झोपून उठल्यावर येणार म्हणालात तर तेव्हाच पोहोचा. घरी बिलगून झोपायचं पांघरूण किंवा जुना दुपट्टा असेल तर तो सोबत द्या, आणि धुऊन देऊ नका, त्याला घरचा वास हवा असतो.

घ्यायला गेल्यावर तुम्हाला पाहून तो भडाभडा रडतो, त्याने घाबरू नका. दिवसभर धरून ठेवलेलं तुमच्यापाशी मोकळं होतं. आधी त्याला घेऊन बसा, ताईशी बोलणं नंतर.

किती दिवस, याचा नेमका आकडा कोणीच देऊ शकत नाही. बहुतेकांना काही आठवडे लागतात. सर्दीतापाने चार दिवस घरी राहिला की थोडं मागे जातं, आणि पहिल्या वर्षात आजारपणं वरचेवर होतातच. जेवण आणि झोप सगळ्यात शेवटी सुधारते.

मला जास्त काळजी वाटते ती गप्प झालेल्या मुलाची. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवडिलांपासून बरेच दिवस दूर राहिलेली मुलं पाहिली होती. ती आधी आकांत करायची, मग खचायची आणि शेवटी अलिप्त व्हायची. हे अलिप्त होणं मोठ्यांना शहाणपण वाटायचं. पाळणाघरातलं काही तासांचं अंतर तेवढं मोठं नसतं, तरी 'आता अजिबात त्रास देत नाही' एवढ्यावर समाधान मानू नका. तो खेळतो का, कोणाकडे बघून हसतो का, लागलं तर कोणाकडे धावतो, हे विचारा. महिना-दीड महिन्यानंतरही उत्तर 'कोणाकडेच नाही' असं आलं, किंवा तुम्हाला आत बसू द्यायलाच ते तयार नसतील, तर दुसरं पाळणाघर बघायला लागा.