स्ट्रक्चर आधी काढू देऊ नका

"ऑनलाइन सबमिशन सगळ्यांची बरोबर, पण युनिट टेस्टला कागदावर स्पेक्ट्रम दिला की अर्धा वर्ग कोरा." स्पेक्ट्रम (रेणू ओळखायला मदत करणारा पीकांचा, म्हणजे शिखरांचा, आलेख) सॉफ्टवेअर वापरून शिकवण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं हे वाक्य वाचलं आणि चार वर्षांपूर्वीचा माझा एमएस्सी पहिल्या वर्षाचा वर्ग डोळ्यांसमोर आला. म्हणून जरा सविस्तर लिहितो. केमिकल शिफ्ट, कपलिंग वगैरे तुम्ही शिकवलेलं असणारच, त्यात जात नाही.

आमच्या कॉलेजात एनएमआर मशीन (रेणूतले हायड्रोजन कुठे कसे आहेत ते चुंबकीय क्षेत्रात दाखवणारं यंत्र) नाही. त्यामुळे एनएमआरडीबी ही फुकट साइट सापडली तेव्हा मी हरखून गेलो होतो. स्ट्रक्चर काढा, बटण दाबा, स्पेक्ट्रम हजर. दर आठवड्याला दहा स्ट्रक्चर द्यायचो, मुलं स्पेक्ट्रा काढून, कोणतं पीक कोणत्या हायड्रोजनचं ते लिहून (असाइन करून) पाठवायची. मार्क पैकीच्या पैकी. सहा आठवडे मी खूश.

मग एका विद्यार्थ्याने प्रॅक्टिकलला बनवलेल्या मिथाइल बेंझोएटचा थोडासा नमुना बाहेरून एनएमआर करून आणला आणि मी तो प्रिंट वर्गात वाटला. नाव सांगितलं नाही, फक्त फॉर्म्युला: सी८एच८ओ२. नमुना पातळ होता, त्यामुळे ७.२६ पीपीएमला (आडव्या अक्षावरची जागा) सॉल्व्हंटमधल्या क्लोरोफॉर्मचं पीक चांगलं उंच, आणि १.५६ च्या आसपास पाण्याचं. मुलांनी काय करावं? ८.०४ चे दोन, ७.५५ चा एक, ७.४३ चे दोन आणि हा ७.२६ चा एक, म्हणजे बेंझीनच्या रिंगवर सहा प्रोटॉन! वर ३.९ ला ओसीएच३ आहेच. रिंगवर सहाच्या सहा हायड्रोजन असतील तर एस्टर चिकटला कुठे, हा प्रश्न एकालाही पडला नाही. पाण्याचं पीक "सीएच३" म्हणून लिहिणारे तर डझनभर होते.

दोष मुलांचा नव्हता. प्रेडिक्टरच्या (स्ट्रक्चरवरून स्पेक्ट्रमचा अंदाज बांधणाऱ्या अशा साइटच्या) चित्रात सॉल्व्हंट नसतो, पाणी नसतं, उरलेलं इथाइल अॅसिटेट नसतं, बेसलाइन सुतासारखी सरळ. त्याहून मोठी घोडचूक माझी होती: सहा आठवडे मी त्यांना स्ट्रक्चरकडून स्पेक्ट्रमकडे चालवलं. परीक्षेत आणि पुढे नोकरीत रस्ता नेमका उलटा असतो. उत्तर हातात ठेवून प्रश्न सोडवायची सवय मीच लावली आणि ती मोडायला उरलेलं सेमिस्टर गेलं. त्या बॅचचा निकाल आठवला की अजून अपराधी वाटतं.

आता मी काय करतो ते सांगतो. माझ्यापुरतं चाललं, तुमच्याकडे चालेलच असं नाही.

आधी कागद. फॉर्म्युला आणि खरा आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम), बस. त्याच सी८एच८ओ२ चे चार उमेदवार घेतो: मिथाइल बेंझोएट, फिनाइल अॅसिटेट, अॅनिसाल्डिहाइड, फिनाइलअॅसिटिक अॅसिड. चौघांचा डीबीई (दुहेरी बंध आणि रिंगा मिळून संख्या) ५, रेणूचं वजन १३६. फिनाइल अॅसिटेटचा कार्बोनिल आयआरमध्ये १७६५ सेमी⁻¹ च्या आसपास चढतो, अॅसिडचा ओएच ३००० च्या दोन्ही बाजूंना पसरतो. एवढ्यावर दोघे बाजूला काढता येतात. मग मास स्पेक्ट्रम (रेणूच्या तुकड्यांची वजनं): १०५ आणि ७७ ठळक असतील तर बेंझॉइल, १३५ असेल तर अॅल्डिहाइड. एका ओळीत कारण लिहून स्ट्रक्चर ठरवल्यावरच प्रेडिक्टर उघडायचा, तोही पडताळ्यासाठी, आणि प्रत्यक्ष स्पेक्ट्रमशी कुठे जुळत नाही ते लिहायचं. मार्क त्या न जुळण्याच्या कारणाला. ओएच, एनएच कुठे येईल यावर प्रेडिक्टरचा भरवसा धरू नका. सॉल्व्हंट आणि कॉन्सन्ट्रेशन बदललं की ते पीक सरकतं.

खरे स्पेक्ट्रा जपानच्या एआयएसटी या संशोधन संस्थेच्या एसडीबीएस या डेटाबेसवर फुकट आहेत. दिवसाला ५० पेक्षा जास्त उतरवू नका असं ते सांगतात, म्हणून आदल्या दिवशीच काढून ठेवा. आयआर आणि मास अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या वेबबुक साइटवरही मिळतात.

सॉफ्टवेअर वाईट असं म्हणत नाही, गैरसमज नको. एका गोष्टीत फळा त्याच्यापुढे फिका पडतो. जुन्या पुस्तकांतले स्पेक्ट्रा ६० मेगाहर्ट्झच्या मशीनवरचे. इथाइल एस्टरचा ७.१ हर्ट्झचा कपलिंग (शेजारच्या हायड्रोजनमुळे फाटलेल्या पीकमधलं अंतर) तिथे ०.१२ पीपीएम रुंद दिसतो, ४०० वर जेमतेम ०.०१८. सिम्युलेशनमध्ये मुलं स्वतः फ्रीक्वेन्सी बदलून बघतात तेव्हा "कपलिंगचा आकडा, 'जे', हर्ट्झमध्येच का सांगतात" हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पैसे देऊन सॉफ्टवेअरचं लायसन्स घ्यायच्या भानगडीत मात्र पडू नका, निदान पहिल्या वर्षी. आम्ही पडलो. एकच विक्रेता असलेल्या वस्तूला तीन कोटेशन आणा म्हणून फाइल जिथे अडली त्या टेबलाचं नाव घेत नाही. वर्षभराच्या लायसन्सचे दिवस ऑर्डरच्या तारखेपासून मोजले गेले आणि लायसन्सची की (सुरू करायचा कोड) हातात पडली तेव्हा मुलं परीक्षेच्या सुट्टीवर. दुसऱ्या वर्षी ऑडिटने मलाच विचारलं, वापर का नाही!

त्यापेक्षा एनएमआरियम बघा. ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काही नाही, आणि कच्चा डेटा टाकून फेज आणि बेसलाइन सुधारणं, इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ मोजणं) मुलांना स्वतः करता येतं. क्लोरोफॉर्मच्या पिकाचं इंटिग्रेशन एकदा स्वतःच्या हाताने घेतलं, आणि ते पूर्णांकात बसेना म्हणून दहा मिनिटं डोकं खाजवलं, की ७.२६ पुन्हा विसरत नाहीत.

एक किरकोळ पण वेळखाऊ भानगड: मुलं व्हॉट्सअॅपवर एकमेकांना नुसती एफआयडी (मशीनचा कच्चा सिग्नल) फाइल पाठवतात. तिच्यासोबत पॅरामीटरची अॅक्यूस फाइल नसेल तर पीपीएमचा अक्षच तयार होत नाही. पूर्ण फोल्डरची झिप पाठवायला सांगा, आणि ती तुम्हीच एकदा उघडून बघून मग ग्रुपवर टाका.