वाचक विचारतात : ‘एमे उंड यागुआर’ आणि 1943चं बर्लिन

‘एमे उंड यागुआर’ हा जर्मन चित्रपट पाहिला. दोन स्त्रियांच्या या प्रेमकथेत खरं किती आणि रचलेलं किती? (सांगली)

गाभा खरा आहे. लिली वुस्ट चार मुलांची आई होती, नवरा सैन्यात होता. फेलिस श्रागेनहाइम ज्यू होती आणि खोट्या नावाने वावरत होती. प्रत्यक्षात त्यांची ओळख 1942च्या नोव्हेंबरअखेरीस बर्लिनमधल्या एका कॅफेत झाली. एमे आणि यागुआर ही त्यांनी एकमेकींना दिलेली लाडाची नावं.

लिलीच्या आठवणी आणि जपून ठेवलेली पत्रं, कविता यांच्या आधारे एरिका फिशर यांनी पुस्तक लिहिलं. त्यावरून माक्स फेर्बरब्योक यांनी 1999मध्ये चित्रपट केला. म्हणजे आपण जे पाहतो ते बरंचसं मागे राहिलेल्या लिलीच्या नजरेतून. फेलिसला तिची बाजू सांगायला आयुष्यच मिळालं नाही, हे लक्षात ठेवूनच चित्रपट पाहायला हवा.

नदीकाठचा तो दिवस खरा आहे, 21 ऑगस्ट 1944. दोघी हाफेल नदीवर पोहायला गेल्या, कॅमेऱ्याने एकमेकींसोबतचे फोटो काढले. ते फोटो आजही आहेत : पोहण्याच्या पोशाखातल्या, ऊन अंगावर घेणाऱ्या दोन तरुण बायका. घरी परतल्या तर गेस्टापोची (नाझींच्या गुप्त पोलिसांची) माणसं वाट पाहत होती. फेलिसला आधी टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेलं. सप्टेंबरमध्ये लिली तिला भेटायला थेट तिथे जाऊन धडकली आणि तिला हाकलून देण्यात आलं. या भेटीमुळे फेलिसकडे अधिकाऱ्यांचं लक्ष गेलं असेल का, हा वाद अजून मिटलेला नाही. फेलिसचा मृत्यू कुठे, कधी झाला याची नोंद नाही. युद्धानंतर न्यायालयाने 31 डिसेंबर 1944 ही तारीख मृत्युदिन म्हणून ठरवली. लिलीने पुढे तीन ज्यू स्त्रियांना घरात लपवून वाचवलं. ती 2006मध्ये वारली.

त्या काळी जर्मनीत स्त्रियांचं आपसातलं प्रेम गुन्हा होतं का? (नाशिक)

कायद्याच्या पुस्तकात नाही. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 175 फक्त पुरुषांना लागू होतं. नाझींनी ते 1935मध्ये आणखी कडक केलं आणि ते पूर्णपणे रद्द व्हायला 1994 उजाडलं. ऑस्ट्रियात मात्र तिथल्या जुन्या कायद्यात स्त्रियाही येत होत्या. पण गुन्हा नसला म्हणून मोकळीक होती असं समजू नका. 1933मध्येच अशा बायकांचे अड्डे आणि त्यांची मासिकं बंद पाडली गेली. ‘समाजविरोधी’ असा शिक्का मारून छळछावणीत पाठवायची सोयही होती.

फेलिसच्या जिवावर उठला तो तिचा ज्यू असण्याचा दाखला. तिच्याकडे कायदेशीर रेशनकार्ड नव्हतं, त्यामुळे दुसऱ्यांच्या कार्डावरच दिवस काढावे लागत. लिलीकडे चार मुलांबद्दल मिळालेलं ब्राँझचं मातृपदक होतं (सोन्याचं आठ मुलांना मिळे), म्हणून तिच्या घरावर सहसा कुणाचा संशय जात नसे. बर्लिनमध्ये सुमारे 7,000 ज्यू असे भूमिगत झाले. त्यांतले 1,700च्या आसपास वाचले.

आमच्या फिल्म सोसायटीत हा चित्रपट दाखवायचा आहे. गेल्या वेळी सबटायटल्स पुढे-मागे होत गेली. काय करावं? (कोल्हापूर)

आधी परवानगी. विकत घेतलेली डीव्हीडी घरी पाहण्यासाठी असते, सभागृहासाठी वेगळा परवाना लागतो. हक्कधारकांना तारीख, खुर्च्यांची संख्या, तिकीट आहे की नाही, हे लेखी कळवा.

सबटायटल्सचं म्हणाल तर, युरोपीय डीव्हीडी सेकंदाला 25 चित्रं दाखवते, चित्रपट बहुधा 24च्या हिशेबाने असतो. त्यामुळे 125 मिनिटांचा चित्रपट 120 मिनिटांत संपतो. सबटायटलची फाइल 24ची असेल, तर तासाभरात ती अडीच मिनिटं मागे पडते. प्लेअरमध्ये नुसता ‘डिले’ बदलून (म्हणजे सगळी सबटायटल्स सारख्याच सेकंदांनी सरकवून) उपयोग नाही, कारण फरक वाढत जातो. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) 24चा 25 करून फाइल नव्याने सेव्ह करा. मग पहिला आणि शेवटचा संवाद जुळतो का पाहा. मधले आपोआप जुळतील.

दोघींपैकी कुणाचं काम जास्त चांगलं? (ठाणे)

बर्लिन महोत्सवात 1999चं सर्वोत्तम अभिनेत्रीचं रौप्य अस्वल युलियाने क्योलर (लिली) आणि मारिया श्राडर (फेलिस) यांना विभागून मिळालं. ते तसंच योग्य होतं.